यंत्रण केंद्र

धातूचा भाग एकदाच घट्ट बांधून त्यावर सपाटीकरण, खाचा पाडणे, भोके पाडणे, ती मोठी व अचूक करणे, आटे पाडणे इ. निरनिराळी कामे, लागतील ती हत्यारे आपोआप बदलून आणि संगणकास दिलेल्या आज्ञांनुसार, क्रमाने पूर्ण करणाऱ्या यंत्रास यंत्रण केंद्र म्हणतात. यंत्रशाळांत ते मशिनिंग सेंटर किंवा उभ्या प्रकाराच्या आद्याक्षरांवरून व्हीएमसी या नावाने ओळखले जाते. पूर्वी या कामांसाठी मिलिंग, ड्रिलिंग, बोरिंग व टॅपिंग अशी वेगवेगळी यंत्रे आणि ती चालविणारे वेगवेगळे कारागीर लागत. यंत्रण केंद्रात ही सर्व कामे एका ठिकाणी येतात. वेळेची बचत हा त्याचा उघड फायदा होय. परंतु लहान व गुंतागुंतीच्या भागांच्या बाबतीत अचूकता हा त्याहून महत्त्वाचा फायदा आहे.

आवश्यकता : भाग एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर बांधताना त्याची जागा थोडीशी बदलतेच. प्रत्येक बांधणीत ०·०२ मिमी. चूक होते असे धरले, तर चार बांधण्यांनंतर ती सर्वांत वाईट परिस्थितीत ०·०८ मिमी. होते. शेतीच्या साध्या अवजारात एवढी चूक चालते. द्रवीय झडपेच्या (हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या) कवचात ती चालत नाही. या कवचातील मुख्य भोकात एक दांडा मागेपुढे सरकतो व तेलाचे मार्ग उघडतो आणि मिटतो. दांडा व भोक यांत साधारणतः ५ ते १५ मायक्रॉन एवढीच फट ठेवतात (१ मायक्रॉन = ०·००१ मिमी.). फट जास्त झाल्यास तेल गळते व दाब टिकत नाही. कमी झाल्यास दांडा अडकतो. मुख्य भोकास छेदणारी आडवी भोके, त्यांची परस्परांतील अंतरे व काटकोन ही सर्व एकाच संदर्भापासून मोजली गेली पाहिजेत. भाग न सोडता सर्व पृष्ठे पूर्ण करणे हाच यावरील खरा उपाय आहे. इंधन पंपांची कवचे, टर्बोचार्जरचे भाग, शस्त्रक्रियेची उपकरणे व हाडांत बसविण्याचे स्क्रू यांनाही हेच लागू पडते.

इतिहास : यंत्राच्या हालचाली आकड्यांनी नियंत्रित करण्याच्या कल्पनेस अमेरिकेत हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या निर्मितीतून चालना मिळाली. पात्यांचा वक्र आकार तपासण्याचे फर्मे बनविताना जॉन पार्सन्स यांनी वक्रावरील बिंदूंची कोष्टके गणनयंत्राने तयार करून त्यांप्रमाणे यंत्र हलविण्याची पद्धत सुचविली. पुढे मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या प्रयोगशाळेने छिद्रित फितीवरील आज्ञांनी चालणारे तीन अक्षांचे मिलिंग यंत्र १९५२ मध्ये चालवून दाखविले. तथापि हत्यार बदलण्याचे काम माणसाकडेच राहिले होते. कर्नी अँड ट्रेकर या अमेरिकन कंपनीने १९५८ मध्ये मिलवॉकी-मॅटिक हे हत्यारे आपोआप बदलणारे यंत्र बनविले. तेच पहिले यंत्रण केंद्र समजले जाते. १९७० नंतरच्या दशकात फितीची जागा संगणकाने व पुढे सूक्ष्मप्रक्रियकाने घेतली. त्यामुळे नियंत्रकाचा आकार व किंमत कमी झाली आणि हे यंत्र विमान कारखान्यांतून मध्यम व लहान यंत्रशाळांपर्यंत पोहोचले.

भारतात यांत्रिक हत्यारांच्या उद्योगाचे मोठे केंद्र बंगळूर येथे वाढले. हिंदुस्थान मशीन टूल्स (१९५३), भारत फ्रिट्झ वेर्नर (१९६१), मध्यवर्ती यांत्रिक हत्यार संशोधन संस्था (१९६२) व एस डिझायनर्स (१९७९) या तेथील संस्था व कंपन्यांचा या विकासात महत्त्वाचा वाटा आहे. पुढे राजकोट येथेही अशी यंत्रे तयार होऊ लागली. १९९१ नंतर आयातीवरील निर्बंध सैल झाल्याने जपानी, तैवानी व जर्मन यंत्रेही सुलभतेने मिळू लागली.

रचना व कार्य : यंत्रण केंद्राची बैठक बहुधा बिडाच्या जाड ओतकामाची असते. बिडात कंपने लवकर विरतात व त्यामुळे पृष्ठ गुळगुळीत येते. बैठकीवर मंच व तर्कू (स्पिंडल) धारण करणारा स्तंभ असतो. डावे-उजवे, पुढे-मागे व वर-खाली अशा तीन परस्परलंब दिशांना हालचाली होतात. तर्कू उभा असल्यास उभे व आडवा असल्यास आडवे यंत्रण केंद्र म्हणतात. आडव्या प्रकारात कीस आपोआप खाली पडतो आणि फिरत्या मंचामुळे भागाच्या चारही बाजू हत्यारासमोर आणता येतात. मात्र त्याची किंमत जास्त असते.

प्रत्येक दिशेची हालचाल बॉलस्क्रूने होते. यात मळसूत्र व नट यांच्या आट्यांमध्ये पोलादी गोळ्या फिरत असल्याने घर्षण व सैलपणा अत्यल्प असतो. मळसूत्र फिरविणाऱ्या सर्व्हो चलित्रावर (मोटरीवर) स्थितिमापक बसविलेला असतो. तो मंचाच्या जागेची माहिती नियंत्रकाकडे सतत परत पाठवितो. आज्ञेतील व मोजलेली जागा यांत फरक असल्यास नियंत्रक चलित्रास तो भरून काढावयास लावतो. अधिक अचूक यंत्रांत ही मोजणी मळसूत्रावरून न करता मंचालगत बसविलेल्या काचेच्या किंवा पोलादी मापपट्टीवरून करतात.

हत्यारे शंक्वाकार धारकांत बसवून एका फिरत्या चक्रात किंवा साखळीत ठेवलेली असतात. लहान व मध्यम यंत्रांत २० ते ३० हत्यारे मावतात. आज्ञा मिळताच दोन्ही टोकांना पकड असलेला हात तर्कूतील हत्यार काढतो व दुसरे बसवितो. यास काही सेकंद लागतात. प्रत्येक हत्याराची लांबी व व्यास आधी मोजून नियंत्रकात नोंदवावी लागतात. या नोंदीत एका आकड्याची चूक झाली, तर भरधाव फिरणारे हत्यार भागावर किंवा मंचावर आदळून तर्कूचे धारवे (बेअरिंगे) निकामी होतात. यंत्रशाळेत या अपघाताची धास्ती सर्वांत जास्त असते. म्हणून नवीन कार्यक्रम प्रथम संगणकाच्या पडद्यावर व नंतर भागापासून उंचावर, कमी वेगाने, एकेका ओळीने चालवून पाहतात.

लहान हत्यारांना तर्कूची गती जास्त का लागते, हे साध्या गणिताने समजते. कापण्याचा वेग म्हणजे हत्याराच्या परिघावरील बिंदूचा वेग होय. तो मिनिटास १०० मी. हवा असल्यास १० मिमी. व्यासाच्या हत्यारास मिनिटास सु. ३,२०० फेरे पुरतात, ३ मिमी. व्यासाच्या हत्यारास सु. १०,६०० फेरे लागतात. व्यास याहून कमी झाल्यास गती त्याच प्रमाणात वाढवावी लागते. म्हणून लहान भागांसाठीच्या यंत्रांत तर्कू हलका, अतिवेगी व थंड ठेवलेला असतो आणि हत्यार किंचितही वाकडे फिरणार नाही याची काळजी घेतात. १ मिमी. व्यासाच्या ड्रिलाचे टोक काही मायक्रॉन जरी आसाबाहेर फिरले, तरी ते लवकर तुटते.

प्रकार : तीन सरळ अक्षांना दोन फिरते अक्ष जोडले म्हणजे पंचाक्षी यंत्र होते. यात भाग तिरपा करून पाच बाजू एकाच बांधणीत पूर्ण करता येतात. बहुतेक कामांत फिरते अक्ष हव्या त्या कोनात नेऊन पक्के करतात व नंतर तीन अक्षांनी कापतात. पाचही अक्ष एकाच वेळी हलविण्याची गरज पंपाच्या पंख्यासारख्या वक्राकार भागांतच पडते.

दुसरा प्रकार लेथ व मिलिंग यांचा संयोग होय. यात भाग फिरवून कातता येतो, तसाच तो स्थिर धरून फिरत्या हत्यारांनी त्यावर भोके व खाचाही पाडता येतात. समोरासमोर दोन तर्कू असल्यास पहिल्या तर्कूवर एक टोक पूर्ण झाल्यावर दुसरा तर्कू भाग झेलून घेतो आणि मागील टोकाचे काम होते.

तिसरा प्रकार सरकत्या शिरोभागाचा किंवा स्विस लेथ होय. स्वित्झर्लंडमधील झुरा पर्वतप्रदेशात घड्याळांचे बारीक आस व स्क्रू बनविण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो विकसित झाला. लांब व बारीक सळई कातताना हत्याराच्या दाबाने ती वाकते. या लेथमध्ये हत्यार जवळजवळ एका जागी राहते आणि सळई एका घट्ट मार्गदर्शक बुशातून पुढे सरकते. कापण्याची जागा नेहमी आधाराच्या लगत राहिल्याने वाकण्यास वाव मिळत नाही. हाडांतील स्क्रू, इंजेक्टरचे भाग व विद्युत् जोडण्यांच्या पिना यांसाठी हा प्रकार विशेष उपयुक्त आहे.

अचूकता व तापमान : यंत्र सांगितलेल्या जागी किती अचूक जाते आणि पुन्हापुन्हा त्याच जागी किती जवळ येते, या दोन भिन्न गोष्टी आहेत. नेहमी ठरावीक चूक करणारे यंत्र आकडा दुरुस्त करून सुधारता येते. दरवेळी निराळी चूक करणारे यंत्र सुधारता येत नाही. म्हणून ग्राहक पुनरावृत्तीच्या अचूकतेस अधिक महत्त्व देतात. चांगल्या लहान यंत्रांत ती काही मायक्रॉनांच्या आत असते.

या पातळीवर तापमान हा मोठा शत्रू ठरतो. लांबीच्या मापांसाठी आंतरराष्ट्रीय प्रमाण तापमान २०° से. आहे. पोलादाची १ मी. लांबी दर अंश सेल्सिअसला सु. ११·५ मायक्रॉन वाढते. ॲल्युमिनियमची वाढ याच्या सु. दुप्पट असते. ३५° से. तापमानास १०० मिमी. मापाचा केलेला पोलादी भाग २०° से.च्या खोलीत सु. १७ मायक्रॉन आखूड भरतो. मापन साधन व भाग एकाच धातूचे आणि एकाच तापमानाचे असले, तर ही चूक बहुतांशी परस्पर नाहीशी होते. पोलादी मापकाने गरम ॲल्युमिनियमचा भाग मोजल्यास ती शिल्लक राहते. यंत्रही तापते : बॉलस्क्रूच्या ५०० मिमी. लांबीचे तापमान ५° से. वाढल्यास तो सु. २९ मायक्रॉन लांबतो. यासाठी सकाळी यंत्र काही वेळ रिकामे चालवून स्थिरावू देतात, मळसूत्र व तर्कू तेलाने थंड ठेवतात आणि तर्कूत स्पर्शमापक बसवून ठरावीक भागांनंतर जागा पुन्हा तपासतात.

ओतीव भागांचे यंत्रण : लहान भाग सळईपासून, घडाईपासून किंवा ओतकामापासून बनवितात. यांपैकी ओतीव भागाचे यंत्रण सर्वांत अवघड असते, कारण त्याला सुरुवातीस एकही खरे सपाट पृष्ठ नसते. भाग निश्चित जागी बसविण्यासाठी सहा आधारबिंदू घेतात : तळास तीन, लांब बाजूस दोन व आखूड बाजूस एक. हे बिंदू साच्याच्या दोन अर्ध्यांच्या सांध्यावर किंवा गाभ्याने तयार झालेल्या पृष्ठावर न घेता साच्याच्या एकाच अर्ध्यातील पृष्ठांवर घ्यावेत, असा नियम आहे. नाहीतर गाभा किंवा साचा सरकल्याची चूक प्रत्येक मापात उतरते. बांधताना जोर जास्त दिल्यास पातळ भाग वाकतो, त्या स्थितीत भोक गोल होते आणि भाग सोडताच ते अंडाकृती होते. वरचा थर कापल्यावर ओतकामातील अंतर्गत ताण मोकळे होऊनही भाग वाकडा होतो. म्हणून ताण घालविण्यासाठी भाग आधी भट्टीत तापवून सावकाश थंड करतात किंवा अंतिम कातरणी वेगळी ठेवतात.

ओतकामातील वायुपोकळी (ब्लो होल) बाहेरून दिसत नाही. बहुधा ती शेवटच्या भोकात, म्हणजे यंत्रणाचा जवळजवळ सर्व खर्च झाल्यावर उघडी पडते. अशा वेळी वाया गेलेल्या बिडाच्या किंमतीपेक्षा त्यावर खर्च झालेला यंत्राचा वेळ कितीतरी महाग असतो. म्हणून ओतशाळा (फाउंड्री) व यंत्रशाळा एकमेकींच्या जवळ असणे व दोषांची माहिती परत ओतशाळेत पोहोचणे यास फार महत्त्व आहे. [⟶ ओतकाम].

कोल्हापूर येथील विकास : या परस्परावलंबनाचे चांगले उदाहरण कोल्हापूर येथे पहावयास मिळते. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकीर्दीत (१८९४–१९२२) संस्थानात उद्योग व व्यापारास उत्तेजन मिळाले. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग त्यापूर्वीच, १८९१ मध्ये, सुरू झाला होता. जवळच लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडीचा कारखाना उभारला. ऊस व गुळाच्या या प्रदेशात नदीचे पाणी उपसण्यासाठी तेल एंजिने व पंप आणि उसाचा रस काढण्यासाठी चरक यांना मोठी मागणी होती. त्यांची दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींनी सुटे भाग व पुढे संपूर्ण एंजिने बनविण्यास सुरुवात केली. शहरातील उद्यमनगर हे या कारागिरीचे माहेरघर होय. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९६२) शिरोली, गोकुळ शिरगाव व पुढे कागल-हातकणंगले येथे औद्योगिक वसाहती झाल्या. पुणे-बंगळूर महामार्गामुळे मोटारगाड्यांच्या कारखान्यांशी त्यांचा सरळ संबंध जुळला. दक्षिणेस बेळगाव येथेही ओतकाम व द्रवीय उपकरणांचा उद्योग वाढला असून या दोन्ही ठिकाणांत कारागीर व कामे यांची देवघेव होते.

एंजिने बनविणाऱ्या गावाचे मोटारगाड्या, ट्रॅक्टर, पंप व झडपा यांचे ओतीव भाग पुरविणाऱ्या गावात रूपांतर झाले. कच्चा ओतीव भाग मात्र वजनावर विकला जातो. बीड, कोक, वीज यांचे भाव वाढले, तरी दर किलोग्रॅमचा भाव त्याच वेगाने वाढत नाही. तोच भाग पूर्ण यंत्रण करून, सरळ जोडणीस नेता येईल असा दिला, तर किंमत वजनावर न ठरता कामावर ठरते. शिवाय मोठे ग्राहकही ओतकाम एकाकडून व यंत्रण दुसऱ्याकडून करून घेण्यास नाखूष असतात. दोष निघाल्यास जबाबदारी कोणाची, हा वाद त्यांना नको असतो. या दोन कारणांनी येथील ओतशाळांनी यंत्रण विभाग काढले आणि त्यांच्या भोवती एक-दोन यंत्रण केंद्रे घेऊन जॉबवर्क करणाऱ्या लहान यंत्रशाळा निर्माण झाल्या.

लहान यंत्रशाळेचे अर्थकारण : यंत्रण केंद्र बहुधा कर्जावर घेतले जाते. हप्ता यंत्र चालो वा न चालो द्यावा लागतो, म्हणून यंत्राच्या तासाचा दर हाच सर्व हिशेबाचा पाया असतो. एका भागास ६ मिनिटे लागतात व त्यात १५ वेळा हत्यार बदलावे लागते असे समजू. एका बदलास, एक कातरणी थांबून दुसरी सुरू होईपर्यंत, ४ सेकंद धरल्यास १ मिनिट, म्हणजे सहावा हिस्सा, काहीच न कापता जातो. भाग सोडणे व नवा बांधणे यांत आणखी १ मिनिट गेल्यास ७ मिनिटांपैकी प्रत्यक्ष कातरणी ५ मिनिटेच होते. एका वेळी चार भाग बसतील असा बांधणीचा साचा (फिक्श्चर) केला, तर हत्यारबदलाचा वेळ चौघांत वाटला जाऊन दर भागास १५ सेकंदांवर येतो. यंत्र तेच राहून नफा-तोटा बदलतो, तो अशा विचाराने. म्हणूनच चांगला फिक्श्चर करणाऱ्या कारागिरास यंत्राइतकेच मोल असते.

याच्या दुसऱ्या बाजूस धोकेही आहेत. एकाच ग्राहकावर अवलंबून घेतलेले यंत्र मागणी घटताच रिकामे पडते. वीज अचानक गेल्यास हत्यार भागातच अडकून दोन्ही वाया जातात. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुरामुळे शिरोलीजवळ महामार्ग काही दिवस बंद राहिला. साठा न ठेवता रोजच्या रोज भाग पुरविण्याच्या पद्धतीत अशा खंडाचा ताण लहान पुरवठादारावर सर्वांत आधी पडतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली केलेला भाग ग्राहकाच्या वातानुकूलित मापनकक्षात नापास होणे, हाही वर सांगितलेल्या तापमानाच्या नियमाचाच परिणाम होय. म्हणून निदान मापनाची खोली व अंतिम कातरणीचे यंत्र समान तापमानात ठेवणे लहान यंत्रशाळेसही परवडते, किंबहुना तसे न करणे परवडत नाही.

कौशल्य : यंत्रण केंद्रामुळे कारागिराची गरज संपते, हा समज बरोबर नाही, कौशल्याची जागा मात्र बदलते. जुन्या मिस्त्रीस कापण्याच्या आवाजावरून, किसाच्या रंगावरून व हाताच्या स्पर्शावरून हत्यार बोथट झाल्याचे कळे. नव्या यंत्रात बंद दरवाजाआड कातरणी होते व आकडे पडद्यावर दिसतात. भाग कोठे धरावा, कोणते पृष्ठ आधी कापावे, बीड कोठे कठीण लागेल, हे निर्णय मात्र कार्यक्रम लिहिण्यापूर्वीच घ्यावे लागतात आणि त्यांस जुनाच अनुभव लागतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व तंत्रनिकेतने यांतून कार्यक्रमाचे संकेत शिकविले जातात. धातूची ओळख प्रत्यक्ष कामातूनच होते. ज्या यंत्रशाळेत अनुभवी मिस्त्री व कार्यक्रम लिहिणारा तरुण एकत्र बसून क्रम ठरवितात, तेथे नापास भागांचे प्रमाण कमी राहते. केवळ बटण दाबण्यापुरता नेमलेला कामगार यंत्राचे रक्षणही करू शकत नाही व स्वतःची प्रगतीही साधू शकत नाही.

मर्यादा : एकच भाग लाखोंनी हवा असेल, तर प्रत्येक कामास स्वतंत्र तर्कू असलेली खास यंत्रे अद्याप स्वस्त पडतात. यंत्रण केंद्र हे मध्यम संख्येच्या व वारंवार बदलणाऱ्या भागांसाठी योग्य होय. अतिशय काटेकोर भोकांचे अखेरचे होनिंग, कठीण केलेल्या पृष्ठांचे शाणन (ग्राइंडिंग) व एकमेकांस छेदणाऱ्या भोकांच्या कडांवरील बर काढणे ही कामे बहुधा वेगळी करावी लागतात. झडपेच्या कवचात राहिलेला बरीचा एक कणही पुढे दांड्यात अडकून संपूर्ण यंत्रणा बंद पाडू शकतो. त्यामुळे यंत्रणानंतर धुणे व तपासणी यांना अचूक यंत्रणाइतकेच महत्त्व आहे. [⟶ यांत्रिक हत्यारे, लेथ].